सण आला, पण मन येत नाही

दरवर्षी पवित्र सप्ताहात माझ्या दवाखान्यात एका विशिष्ट प्रकारच्या रुग्णांची संख्या वाढते. कुणाची छाती जड झालेली असते, कुणाला चार-चार रात्री झोप नसते, कुणाच्या तोंडाची चव गेलेली असते, तर कुणाचा एरवी गोळ्यांनी आटोक्यात असलेला रक्तदाब एकाएकी वर गेलेला असतो. तपासणीत फारसे काही सापडत नाही. मग चिठ्ठी बाजूला ठेवून मी विचारतो, ‘‘घरी सगळे ठीक ना?’’ थोडा वेळ कुणीच बोलत नाही. नंतर हळूच उत्तर येते, ‘‘डॉक्टर, रविवारी ईस्टर आहे. या वर्षी घरात ते नाहीत.’’

आपल्या वसई तालुक्यात ईस्टर हा घरोघरचा सण. चाळीस दिवसांचा उपवासकाळ, झावळ्यांचा रविवार, गुड फ्रायडेची क्रूसाची वाट आणि त्यानंतर पुनरुत्थानाचा आनंद, असा हा क्रम. पण ज्यांच्या मनात आनंद उतरतच नाही त्यांचे काय? हा प्रश्न केवळ ख्रिस्ती घरांचा नाही. दिवाळीत आकाशकंदील लावण्याची इच्छा न होणारी आई, ईदच्या दिवशी दार लोटून बसणारे वडील, गणपतीत आरतीच्या वेळी मागच्या दारी जाऊन डोळे पुसणारी सून, हे सगळे एकाच वाटेचे प्रवासी. म्हणून आजचा लेख सर्वांसाठी आहे, उदाहरण मात्र या आठवड्यातील सणाचे घेतो.

सणालाच दुःख जास्त का होते?

याला मेंदूच्या कामाची पद्धत कारणीभूत आहे. आपली स्मृती वास, सूर, जागा आणि तारीख यांच्याशी बांधलेली असते. घरात केक भाजल्याचा वास सुटला, चर्चमध्ये ओळखीचे गीत सुरू झाले, की ज्या माणसाबरोबर आपण हे सारे अनुभवले तो माणूस क्षणात समोर उभा राहतो. वर्षभर कामाच्या रगाड्यात दबलेले दुःख अशा दिवशी उसळून वर येते. वर्षश्राद्धाच्या किंवा पुण्यतिथीच्या सुमारास प्रकृती बिघडण्याचा अनुभव पुष्कळांना येतो, त्याचे कारण हेच.

दुसरे कारण तुलनेचे. इतर दिवशी सगळेच आपापल्या कामात असतात. सणाला मात्र शेजारी नवे कपडे घालून निघालेले दिसतात आणि आपलेच घर तेवढे अंधारात आहे असे वाटू लागते. तिसरे कारण सक्तीचे. ‘आज तरी हसा’ असे कुणी म्हटले, की हसू न आल्याची एक वेगळीच अपराधी भावना मनाला चिकटते. दुःख असतेच, त्यावर ‘आपली श्रद्धा कमी पडते की काय’ ही शंका चढते. हे दुसरे ओझे पूर्णपणे अनावश्यक आहे आणि ते उतरवणे हा या लेखाचा एक हेतू आहे.

आपल्याकडे अनेक घरांत माणूस गेल्यावर वर्षभर सण करीत नाहीत. या रूढीचा जाच होऊ नये हे खरे, पण तिच्यात एक शहाणपणही आहे. मनाला वेळ लागतो हे तिने मान्य केले आहे आणि ‘तुम्ही सण का करीत नाही?’ या प्रश्नातून त्या घराला सोडवले आहे.

दुःख आणि नैराश्य यांत फरक आहे

वाचकांनी हा भाग कृपया सावकाश वाचावा. जिवलगाच्या मृत्यूने येणारे दुःख हा आजार नाही. सिग्मंड फ्रॉइड यांनी १९१७ साली प्रकाशित केलेल्या एका प्रसिद्ध निबंधात शोक आणि खिन्नता यांची तुलना केली होती. शोकात जग रिते वाटते, तर खिन्नतेच्या आजारात माणूस स्वतःलाच रिता, कवडीमोल समजू लागतो, असा त्यांचा आशय होता. शंभर वर्षांहून अधिक काळ लोटला तरी हा भेद आजही आम्हा डॉक्टरांना उपयोगी पडतो.

साध्या शोकात दुःख लाटांसारखे येते. लाट आली की माणूस कोलमडतो, ओसरली की नातवाच्या बोलण्यावर हसूही शकतो. नैराश्यात मात्र मळभ सतत असते. दिवसातला बहुतेक वेळ, जवळजवळ रोज आणि किमान दोन आठवडे मन उदास राहणे किंवा कशातच गोडी न वाटणे, ही त्याची मुख्य खूण. सोबत झोप व भूक बिघडणे, सतत थकवा, लक्ष न लागणे, हालचाल मंदावणे, स्वतःला दोष देणे, जगणे नकोसे वाटणे यांपैकी काही लक्षणे असतात. काहींना पहाटे तीन-चारलाच जाग येते आणि सकाळी उदासी सर्वांत जास्त असते. शोकाचे रूपांतर नैराश्यात होऊ शकते आणि कोणतेही दुःखद निमित्त नसतानाही नैराश्य येऊ शकते. भरल्या घरात, सगळे सुखरूप असताना सणाला मन न येणारी माणसेही असतात. ‘यांना काय कमी आहे?’ असे त्यांच्याविषयी म्हणू नये.

आणखी एक गैरसमज. शोकाच्या पाच पायऱ्या असतात आणि त्या क्रमाने चढाव्या लागतात, असे पुष्कळांनी वाचलेले असते. एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांनी १९६९ साली या पायऱ्या मांडल्या त्या मुख्यतः मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्या प्रत्येकाने त्या क्रमानेच गेले पाहिजे असे नाही. त्यापेक्षा १९९९ साली मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शूट या संशोधकांनी मांडलेले चित्र मला अनुभवाशी अधिक जुळणारे वाटते. शोक करणारे मन झोपाळ्यासारखे दोन टोकांत हलत असते. कधी ते गेलेल्या माणसाकडे जाते, कधी शाळेची फी, विजेचे बिल, भाजीपाला अशा पुढच्या जगण्याकडे येते. दोन्हीकडे जाणे निकोप आहे. सकाळी दफनभूमीत रडलेली बाई दुपारी जावेबरोबर स्वयंपाक करताना हसली, तर तिचे दुःख खोटे ठरत नाही.

काही थोड्या लोकांत मात्र हा झोपाळा एकाच टोकाला अडकतो. महिनोन्‌महिने तीव्र ओढ, मृत्यू मान्यच न होणे, रोजचे जगणे ठप्प होणे, असे झाले तर त्याला ‘दीर्घकाळ रेंगाळलेला शोक’ म्हणतात. २०२२ पासून लागू झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात त्याची स्वतंत्र नोंद असून त्यासाठी किमान सहा महिन्यांची मुदत धरली आहे. त्यावर बोलण्याचे खास उपचार आहेत आणि त्यांचा गुण येतो.

शरीर काय सांगते?

शोकात शरीरातील ताणाची संप्रेरके वाढतात. नाडी जलद होते, रक्तदाब चढतो, झोप तुटते, रोगप्रतिकारशक्तीवरही परिणाम होतो. जपानी डॉक्टरांनी १९९० साली एका हृदयविकाराचे वर्णन केले. तीव्र मानसिक धक्क्यानंतर हृदयाचा डावा कप्पा तात्पुरता फुगतो आणि त्याचे आकुंचन मंदावते. ऑक्टोपस पकडण्याच्या जपानी मडक्यासारखा त्याचा आकार दिसतो, म्हणून त्याला त्या मडक्याचेच ‘ताकोत्सुबो’ हे नाव मिळाले. हा विकार पाळी गेलेल्या स्त्रियांत अधिक आढळतो आणि वेळेवर काळजी घेतल्यास बहुतेक रुग्ण काही आठवड्यांत बरे होतात. त्याची लक्षणे नेहमीच्या हृदयविकाराच्या झटक्यासारखीच असतात. म्हणून छातीत दुखले, दम लागला, घाम फुटला तर ‘मनाला लागले आहे’ असे घरच्या घरी ठरवू नये. आधी हृदयाचा आलेख काढावा.

याउलट, सततची उदासी आणि थकवा यांच्या मुळाशी कधी कधी थायरॉइड ग्रंथीचे मंदावलेले काम, रक्तक्षय किंवा ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता असते. साध्या रक्ततपासणीने हे कळते.

पहिला ईस्टर कसा होता?

मी धर्मोपदेशक नाही. तरीही एक डॉक्टर म्हणून शुभवर्तमानांतील ईस्टरची हकीगत वाचताना एक गोष्ट ठळकपणे दिसते. त्या दिवशी सकाळी सणाच्या मनःस्थितीत कुणीच नव्हते. स्त्रिया कबरेकडे निघाल्या त्या प्रेताला लावायची सुगंधी द्रव्ये घेऊन, आणि तोंडावरची धोंड कोण सरकवील या काळजीत. मग्दालिया मरिया रडत उभी होती, डोळ्यांतल्या पाण्यापलीकडे तिला येशू ओळखूसुद्धा आला नाही, तिला तो माळी वाटला. शिष्य भीतीने दारे लावून बसले होते. दोघेजण खिन्न होऊन अम्माऊस गावाची वाट चालत होते. थोमाला तर सर्वांच्या मागून, आठ दिवसांनी विश्वास आला आणि त्याबद्दल त्याला कुणी गटातून घालवले नाही. पेत्र मासे धरायला गेला, म्हणजे आपल्या जुन्या कामावर गेला, आणि त्याला भेट घडली ती काठावर, निखाऱ्यांवर भाजलेले मासे आणि भाकर यांच्या न्याहारीपाशी.

यातील प्रत्येकाला आशा वेगळ्या वेळी आणि वेगळ्या ठिकाणी भेटली. कुणालाही ‘आधी हसा, मग या’ असे सांगितले गेले नाही. आणि उठलेल्या ख्रिस्ताच्या हातांवरचे व्रण पुसले गेलेले नव्हते. जखम भरते, व्रण राहतो, हे आम्ही शस्त्रक्रियेच्या टाक्यांबाबत रुग्णाला सांगतो. मनाच्या जखमेबाबतही तेच खरे.

शिवाय चर्चच्या दिनदर्शिकेत ईस्टर एका दिवसाचा नाहीच. पेंतेकॉस्टपर्यंत पन्नास दिवस हा काळ चालतो. ज्याचे मन रविवारी आले नाही, त्याला पुढे सात आठवडे मोकळे आहेत.

आशा म्हणजे आनंद नव्हे

आशा ही केवळ भावना आहे असे आपण समजतो. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ चार्ल्स स्नायडर यांनी १९९१ साली आशेची फोड करून दाखवली. एखादे उद्दिष्ट, तिथे जाण्याची वाट आणि त्या वाटेवर पाऊल टाकण्याचे बळ, या गोष्टी मिळून आशा होते. याचा व्यवहारात फायदा असा, की आनंद मनात आणणे आपल्या हाती नसले तरी उद्दिष्ट लहान करणे आपल्या हाती असते. ‘पूर्वीसारखे सुखी व्हायचे’ हे उद्दिष्ट आज फार मोठे आहे. ‘उद्या सकाळी सातला अंघोळ करून अंगणात दहा मिनिटे बसायचे’ हे झेपण्यासारखे आहे.

पंडिता रमाबाईंचे चरित्र या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. दुष्काळात आई-वडील आणि बहीण गेली, १८८० मध्ये भाऊ गेला, १८८२ मध्ये पती गेले. पदरात लहान मुलगी, मनोरमा. त्याच वर्षी त्यांनी पुण्यात आर्य महिला समाज सुरू केला, १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढले आणि पुढे केडगावला मुक्ती सदन उभे केले. १९२१ मध्ये मनोरमाही गेली. त्यानंतरही रमाबाईंनी बायबलच्या मराठी भाषांतराचे काम सोडले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले. या बाईंना दुःख झाले नसेल असे कोण म्हणेल? पण रोजच्या कामाचा धागा त्यांनी हातातून सुटू दिला नाही. आपण रमाबाई होण्याची गरज नाही, धागा मात्र प्रत्येकाला धरता येतो.

नैराश्यावरील एक सिद्ध उपचारपद्धत याच तत्त्वावर उभी आहे. ‘मन लागले की काम करीन’ असे आपण म्हणतो. या पद्धतीत क्रम उलटा असतो. आधी ठरलेले छोटे काम करायचे, मन मागून येते.

सणाच्या दिवशी काय करावे?

१. आधीच ठरवा. सकाळी काय, दुपारी काय, कोण येणार, हे शनिवारीच घरच्यांशी बोलून घ्या. अनिश्चिततेने धास्ती वाढते.

२. सगळे किंवा काहीच नाही, असे करू नका. रात्रीचा लांब विधी झेपत नसेल तर सकाळच्या मिस्साला जा, मागच्या बाकावर बसा, मध्येच बाहेर आलात तरी चालेल. दहा पदार्थांऐवजी एकच करा.

३. गेलेल्या माणसाला दिवसात एक जागा द्या. सकाळी कबरेवर फुले ठेवा, मेणबत्ती लावा, त्यांच्या आवडीचा पदार्थ करून शेजारी एक वाटी पाठवा. नाव टाळल्याने दुःख कमी होत नाही.

४. झोपेची वेळ सांभाळा. रात्रीच्या विधीमुळे जागरण झाले तरी सकाळी फार उशिरापर्यंत लोळू नका. सकाळच्या उन्हात वीस-तीस मिनिटे चाला.

५. दारूपासून दूर राहा. ती तासभर दुःख विसरायला लावते, पण मेंदूचे काम मंद करते, झोप मोडते आणि दुसऱ्या दिवशी उदासी वाढवते. झोपेच्या गोळ्यांसोबत ती जिवावर बेतू शकते.

६. औषधे चालू ठेवा. मधुमेहाच्या रुग्णांनी गुड फ्रायडेला उपाशीपोटी गोळी किंवा इन्सुलिन घेऊ नये, आधी डॉक्टरांना विचारावे. चर्चच्या नियमानुसार आजारी माणसांना उपवासातून सूट आहे. लिथियम घेणाऱ्यांनी या उन्हात पाणी व मीठ कमी पडू देऊ नये, कारण रक्तातील लिथियमचे प्रमाण धोकादायकरीत्या वाढू शकते.

घरच्यांनी काय बोलावे?

‘देवाची इच्छा’, ‘रडू नकोस, त्यांच्या आत्म्याला त्रास होईल’, ‘आता सावरायला हवे’ ही वाक्ये हेतूने चांगली, पण ऐकणाऱ्याचे तोंड बंद करणारी आहेत. त्याऐवजी ‘काकी, आज काकांची फार आठवण येत असेल ना?’ एवढे म्हणा आणि थांबा. सल्ला देण्यापेक्षा काम करा. बाजार आणून द्या, मुलांना घेऊन जा, दुपारच्या जेवणाला ‘या हं कधीतरी’ असे न म्हणता ‘एक वाजता न्यायला येतो’ असे सांगा. नको म्हणाल्या तर आग्रह धरू नका, पण आठवड्याने पुन्हा विचारा. लोकांची वर्दळ पहिल्या पंधरा दिवसांतच आटते, खरी गरज पुढे असते. म्हातारे पुरुष बोलत नाहीत, त्यांच्याकडे विशेष लक्ष द्या.

केव्हा थांबू नये?

दोन आठवडे उलटूनही मळभ हटत नसेल, माणूस जेवत, अंघोळ करीत नसेल, कामावर जात नसेल, तर डॉक्टरांकडे न्यावे. ‘मी तुम्हाला भार झालो’, ‘मलाही त्यांच्याकडे जायचे आहे’ असे बोलणे, वस्तू वाटून टाकणे, निरवानिरव करणे, औषधे साठवून ठेवणे ही धोक्याची चिन्हे. अशा वेळी सरळ विचारा, ‘जीव द्यावा असे मनात येते का?’ विचारल्याने ती कल्पना डोक्यात शिरते हा गैरसमज आहे. उलट माणसाला मोकळे व्हायला वाट मिळते. होकार आला तर त्याला एकटे सोडू नका, कीटकनाशके व गोळ्या घरातून हलवा आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठा. केंद्र सरकारची ‘टेली मानस’ ही दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसा-रात्री केव्हाही, विनामूल्य आणि मराठीतून बोलता येते. पोलिसांच्या भीतीने कुणी उपचार लपवू नयेत. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र मानसिक ताणाखाली होती असे गृहीत धरले आहे आणि तिची काळजी घेणे हे सरकारचे कर्तव्य ठरवले आहे.

नैराश्यावरील नेहमीच्या गोळ्यांची सवय दारूसारखी लागत नाही. मात्र त्या डोकेदुखीच्या गोळीसारख्या तासाभरात काम करीत नाहीत. गुण दिसायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात, पुरता परिणाम व्हायला त्याहून जास्त. पहिल्याच आठवड्यात ‘काही फरक नाही’ म्हणून त्या सोडू नयेत, आणि बरे वाटल्यावरही मनाने एकदम बंद करू नयेत. तरुण रुग्णांवर सुरुवातीच्या दिवसांत घरच्यांनी जास्त लक्ष ठेवावे. ईस्टरच्या आठवड्यात उपचार सुरू झाले तर पेंतेकॉस्टपर्यंत पुष्कळांना फरक जाणवतो.

शनिवारी रात्री चर्चमधील सगळे दिवे मालवले जातात. एका मोठ्या मेणबत्तीवरून पहिली ज्योत लावतात आणि मग ती शेजाऱ्याकडून शेजाऱ्याकडे जाते. कुणाची मेणबत्ती वाऱ्याने विझली तर बाजूचा माणूस न बोलता आपली पुढे करतो. या रविवारी आपल्या वाडीत, आपल्या इमारतीत असे एखादे घर असेल, जिथे या वर्षी सण नाही. जेवणाआधी तिथे जाऊन या. पाच मिनिटे बसा. तब्येतीची चौकशी करा, झोप लागते का, जेवण जाते का, तेही विचारा. उत्तर काळजीचे वाटले तर सोमवारी त्यांना सोबत घेऊन दवाखान्यात या.